माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'ओसाड माळरानावर फुलवला मळा' या वळणाचे मथळे अधूनमधून वाचायला मिळतात. मळा फुलला याचा आनंदच आहे, खटकतो तो 'ओसाड'. माळ म्हणजे पडीक नव्हे. उंचावरची, उथळ मातीची जमीन. संस्कृतात तो 'माल'. 'मेघदूता'त कालिदास ढगाला नुकत्याच नांगरटीने सुगंधलेल्या 'माल' क्षेत्रावर चढायला सांगतो आणि टीकाकार मल्लिनाथ अर्थ देतो 'शैलप्रायमुन्नतस्थलम्', डोंगरवजा उंचवटा. म्हणजे तेव्हाही माळावर चढावं लागे आणि तिथे नांगर चाले. कन्नड 'मले' म्हणजेही डोंगरच. कर्नाटकाला लागून असलेल्या जतकडच्यांना हे सांगायला नको.

आटपाडी, खानापूर, माण, खटावातला कुठलाही माळ उकरून बघा. वीतभर माती, खाली मुरूम, मग कातळ. पाऊस उघडला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वापसा, म्हणजे पेरणी-मशागतीजोगी ओल, येतो. कृष्णाकाठच्या काळ्या रानात तेव्हा अजून पाय रुतत असतो. पण पंधरा दिवस पावसाने ओढ दिली की माळावरचं पीक माना टाकतं. म्हणून तिथे बाजरी, हुलगा, मटकी. शाळू धरायचा तो काळ्या रानात. न पेरलेल्या जागी कुसळी, पवन्या असलं गवत येतं, त्यावर मेंढरं जगतात. माळढोक, माळटिटवी या पाखरांच्या नावात माळ उगीच आलेला नाही. त्यांना उघडं गवतच लागतं.

एकदा 'ओसाड' म्हटलं की वृक्षारोपण आलंच. फूटभर खड्डा घेतला तर तळ मुरमातच राहतो. पावसाळ्यात वाटीत साचावं तसं पाणी साचून मुळं कुजतात, उन्हाळ्यात तोच खड्डा तापून रोप जळतं, आणि गवत तर खणतानाच गेलेलं असतं. झाडं लावायचीच तर बांधाला किंवा ओघळीच्या कडेला, बोर, बाभूळ, हिवर अशी, आणि मुरूम फोडून तीन फूट खड्डा घेऊन. मथळ्यात 'ओसाड'ऐवजी 'कोरडवाहू' लिहिलंत तरी पुष्कळ झालं.

जाता जाता, 'रान' या शब्दाचं नेमकं उलटं झालं. 'अरण्या'चं प्राकृतात 'रण्ण' आणि मराठीत 'रान' झालं, पण आपल्याकडे 'रानात गेलाय' म्हणजे गडी उसाला पाणी पाजायला गेलाय. आणि कास, पाटणकडच्या जांभ्याच्या सपाट माथ्याला माळ म्हणू नये. तो सडा, सडावाघापूर हे गावाचं नावच तसं आहे.

— एक वाचक, विटा (जि. सांगली)