वेलिंग्टनकरांना असई सांगायचीये, हातभार लावा!

नमस्कार मंडळी,

असईच्या लढाईवर आम्ही वेलिंग्टनमध्ये एक प्रदर्शन लावतोय, त्यासाठी तुमची मदत हवीय. मेसेज मोठा आहे, पण प्लीज शेवटपर्यंत वाचा आणि आपल्या लोकांना पाठवा.

आम्ही इंग्लंडमधल्या सॉमरसेटमध्ये, वेलिंग्टन आणि टॉन्टन परिसरात राहणारी दहा-बारा मराठी घरं. कुणी हॉस्पिटलमध्ये नर्स, कुणी आयटीवाले, कुणी केअर होममध्ये. वेलिंग्टन म्हणजे न्यूझीलंडची राजधानी नव्हे, ती वेगळी, तिला नाव ड्यूक ऑफ वेलिंग्टनवरून पडलं आणि ड्यूकला नाव आमच्या या छोट्याशा बाजाराच्या गावावरून. एम फाइव्ह मोटरवेवरून एक्झिटरकडे जाताना डाव्या हाताला डोंगरावर एक उंच टोकदार मनोरा दिसतो बघा, त्याच्या पायथ्याचं गाव ते आमचं.

आता तुम्ही म्हणाल, इंग्लंडमधल्या एका गावासाठी आमच्याकडे कशाला मदत मागताय. तेच सांगायचंय.

हा ड्यूक म्हणजे ऑर्थर वेलस्ली. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा म्हणून जगाला माहीत. पण वॉटर्लू झालं १८१५ साली, आणि त्याच्या बारा वर्षं आधी, २३ सप्टेंबर १८०३ ला, आपल्या जालना जिल्ह्यातल्या असई गावापाशी त्याने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली आणि जिंकली. म्हातारपणी त्याला विचारलं की लढाईतली तुमची सगळ्यात चांगली कामगिरी कोणती, तर त्याने वॉटर्लू नाही, असई सांगितली. ज्या माणसाचं नाव या गावाने डोंगरावर एवढं उंच नेऊन ठेवलंय त्याला स्वतःला जी लढाई सगळ्यात मोठी वाटली ती आपल्या मातीत झाली, आपल्या माणसांशी झाली, आणि इथे कुणाशीही बोला, त्या गावाचं नाव नीट उच्चारता येत नाही!

गेल्या वर्षी मनोऱ्यापाशी एक वयस्कर गृहस्थ भेटले. पार्किंगपासून बीच नावाच्या झाडांमधून सरळ चालत जायची वाट आहे, तिथे माझी मुलगी दमून बसली होती म्हणून ते थांबले, गप्पा सुरू झाल्या, मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर ते एकदम म्हणाले, मग मला सांगा तो शब्द कसा म्हणायचा, आम्ही शाळेपासून असाय म्हणतोय. मी म्हटलं, असई. त्यांनी तीनदा म्हणून बघितलं. मग विचारलं, तुमच्याकडचे किती लोक गेले तिथे, त्यांची नावं कुठे आहेत? मला उत्तर देता आलं नाही आणि ते मनातून जाईना. घरी येऊन मंडळातल्या सगळ्यांना सांगितलं, त्यातून हे काम उभं राहिलंय.

आधी गावाबद्दल थोडं, कारण आम्हाला इथल्या लोकांवर काही लादायचं नाहीये, त्यांच्या इतिहासाला आपला जोडायचाय. गाव जुनं आहे, किंग आल्फ्रेडचं चरित्र लिहिणारा बिशप ऍसर, त्याच्याकडे हजार वर्षांपूर्वी इथली जमीन होती. १२१५ साली किंग जॉनकडून बाजार भरवायची सनद मिळाली. सेंट जॉन चर्चमध्ये सर जॉन पॉपमची रंगवलेली भव्य कबर आहे, नवराबायको शेजारी शेजारी आडवे आणि भोवती घरातली माणसं गुडघे टेकून बसलेली. हा पॉपम इंग्लंडचा मुख्य न्यायाधीश, इंग्लंडची संसद उडवून द्यायच्या कटातल्या गाय फॉक्सला शिक्षा सुनावली ती यानेच. रेल्वेच्या नादिष्ट लोकांना तर गाव चांगलंच माहीत असतं, ९ मे १९०४ ला सिटी ऑफ ट्रुरो नावाचं इंजिन जवळच्या उतारावर ताशी शंभर मैलांच्या पुढे गेलं असं नोंदवलंय, त्यावर अजून वाद घालतात. स्टेशन मात्र १९६४ ला बंद झालं.

मनोऱ्याची गोष्ट ऐका, आपल्या कामाला ती लागू पडते. १८१७ साली पायाचा दगड बसवला. थॉमस ली नावाच्या आर्किटेक्टने तीन बाजूंचा मनोरा काढला होता आणि वर ड्यूकचा लोखंडी पुतळा बसवायचा असं ठरलं होतं. पण वर्गणी कमी पडली, काम रखडलं, पुतळा कधीच चढला नाही, त्यात वीज पडून नुकसान झालं, आणि आजची ५३ मीटरची उंची गाठायला एकोणिसावं शतक संपत आलं. गंमत म्हणजे ड्यूक मूळचा इथला नव्हेच, जन्म आयर्लंडचा. १८०९ ला सरदारकीची पदवी मिळाली तेव्हा तो स्पेनकडे लढाईत होता, भावाने नकाशा बघून वेलस्लीच्या जवळपास जाणारं नाव शोधलं ते वेलिंग्टन! स्वतः तो इथे एकदाच, १८१९ ला येऊन गेला. तरी गावाने त्याला आपला मानला तो मानलाच. २००५ ला दगड निखळून पडायला लागले म्हणून मनोरा बंद करून भोवती कुंपण घातलं, मग पैसे जमवून, सुमारे ३१ लाख पौंड खर्चून २०२१ पर्यंत पुन्हा उभा केला. लोकांनी आपल्या खिशातून दिलं. त्या दगडांवर हात ठेवला की मला खरंच भरून येतं, आठवण जपायची तर अशी जपावी.

आणि आपण? असईच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूचे ४२८ मेले, जखमी आणि बेपत्ता धरून १५८४. पलटणीपलटणीचा हिशोब लिहिलेला आहे. आपल्या बाजूचा नुसता ठोकळ अंदाज. शिंद्यांच्या कवायती पायदळावर पोलमन नावाचा जर्मन अधिकारी होता, तोफा शंभराच्या आसपास, आणि गोलंदाज असे की संगिनी अंगाशी आल्या तरी तोफ सोडून हलले नाहीत. हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि शत्रू पुढे गेल्यावर उठून त्याच तोफांनी पाठीमागून मारा केला. या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव आम्हाला सांगता येत नाही. आणि हेही सांगायला हवं की वेलस्लीच्या फौजेत गोऱ्यांपेक्षा हिंदी शिपाई जास्त होते, मद्रासकडचे, म्हैसूरचे. मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावरचा हत्ती आजही असईचाच आहे. म्हणजे दोन्हीकडून आपलेच मेले.

एक प्रसंग मुलांना फार आवडतो. वेलस्लीला केळणा नदी ओलांडायची होती आणि वाटाडे म्हणत होते उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, नाही. त्याने बघितलं, नदीच्या या काठाला एक गाव, बरोबर समोरच्या काठाला दुसरं, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं अशी समोरासमोर असली तर माणसं ये-जा करणारच, म्हणजे उतार असणारच. होता. तिथून तो केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिरला. म्हणजे बघा, आपल्या बायाबापड्या, गुराखी पिढ्यान्पिढ्या जिथून पाण्यात पाय घालून पलीकडे गेले त्या पायवाटेवर ही लढाई फिरली. हा उतार आत्ता कसा दिसतो त्याचा एक चांगला फोटो आम्हाला पाहिजे.

दुसरा धागा आहे पट्टीचा. वेलिंग्टनची खरी ओळख लोकरीची, फॉक्स ब्रदर्स ही गिरणी १७७२ पासूनची आणि अजून इथे फ्लॅनेल विणते. मालक क्वेकर या ख्रिश्चन पंथाची माणसं, त्यांनी बँकही काढली होती आणि इंग्लंडमध्ये स्वतःच्या नोटा छापणारी ती शेवटची खाजगी बँक, १९२१ पर्यंत. गावातली सुंदर बाग त्यांनीच दिलेली. तर या गिरणीने जगभर नाव कमावलं ते शिपायांच्या पोटऱ्यांना गुंडाळायच्या लोकरी पट्ट्यांसाठी. इंग्रजीतला puttee हा शब्द सरळ आपल्या पट्टीवरून घेतलाय! पहिल्या महायुद्धात ८५२ मैल कापडाची ऑर्डर या एका गिरणीला होती, साधारण १३७० किलोमीटर. त्याच युद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या, तिथल्या कूत शहराच्या वेढ्यात होत्या. साताऱ्याच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात मारले गेले, म्हणून त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पट्ट्या बांधलेले आजोबा-पणजोबा आपल्याकडे कितीतरी घरांतल्या फोटोत असतील.

तर आम्ही काय करतोय. येत्या २३ सप्टेंबरच्या आसपास वेलिंग्टनमध्ये एक हॉल भाड्याने घेऊन मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत प्रदर्शन लावायचंय, आणि घडी करून नेता येतील असे पॅनेल बनवायचेत, म्हणजे नंतर ते शाळांमधून, लायब्ररीतून फिरवता येतील. वेलिंग्टन कसं वाढलं, असई काय आहे, तिथे कोण लढलं, त्यानंतर अडगाव आणि गाविलगडच्या लढाया, देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह, एकाच वर्षाच्या शेवटच्या चार महिन्यांत काय काय गेलं, हे सगळं आपल्या शब्दांत. ड्यूकला शिव्या घालायच्या नाहीयेत. त्याचा जयजयकारही करायचा नाहीये. इथल्या शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना दोन्ही गावं आपली वाटावीत एवढीच धडपड आहे.

पैसे लागणार ते पॅनेलची छपाई, हॉलचं भाडं, इन्शुरन्स, आणि वस्तू ठेवायला एक काचेची पेटी यासाठी. पाच पौंड द्या, शंभर रुपये द्या, सगळं चालेल. हिशोब दर महिन्याला सगळ्या देणगीदारांना पाठवू, बिलांच्या फोटोसकट. पैसे उरले तर असईच्या शाळेला पुस्तकं, हे मंडळाच्या बैठकीत ठरलंय.

पण पैशांपेक्षा जास्त अडलंय ते माणसांवाचून. मोडी वाचता येणारं कुणी असेल तर कृपा करून कळवा, शिंदेशाहीच्या कागदांच्या छापील प्रती मिळवतोय पण मूळ मोडी कागद समोर आला की आम्ही सगळे थांबतो. भोकरदन, जाफराबाद, सिल्लोड भागात राहणारं कुणी असेल तर एक दिवस काढून असई, पिंपळगाव, वरूड आणि दोन्ही नद्यांचे फोटो काढून पाठवाल का, मोबाईलवरचे चालतील, फक्त आडवे काढा आणि व्हॉट्सऍपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होतात. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे लढाईबद्दल काही ऐकीव गोष्टी असतील तर त्यांच्याच बोलीत रेकॉर्ड करून पाठवा, ती बोली आम्ही दुरुस्त करणार नाही, जशीच्या तशी ऐकवू.

आणि ज्यांच्या घरी पलटणीतली जुनी ट्रंक आहे त्यांनी ती एकदा उघडाच. खाकी लोकरीची लांब गुंडाळी सापडली तर टोक उलगडून बघा, फॉक्सच्या पट्ट्यांना धातूची बारीक चकती असायची आणि डाव्या-उजव्या पायाची पट्टी वेगवेगळी विणलेली असायची. अशी चकती सापडली तर धुऊ नका, इस्त्री करू नका, आधी फोटो पाठवा. वस्तू मागणार नाही, फोटो आणि माणसाचं नाव-गाव पुरे, द्यायची इच्छा असेल तर रीतसर लेखी घेऊन प्रदर्शनापुरती आणू आणि परत पोचवू.

हा मेसेज ज्यांच्याकडून तुमच्यापर्यंत आला त्यांनाच उत्तर द्या, ते आमच्यापर्यंत पोचवतील, देणगीचा तपशील त्यांच्याकडेच मिळेल. फोटो आणि रेकॉर्डिंग जुलैअखेर आले तर छपाईत बसतील, पैसे ऑगस्टच्या मध्यापर्यंत. मोडीवाल्यांनी मात्र आजच कळवा.

ते मनोऱ्यापाशी भेटलेले गृहस्थ प्रदर्शनाच्या दिवशी दाराशी उभं राहून लोकांना आत घ्यायला तयार झालेत. गावाचं नाव आता अगदी बरोबर म्हणतात.

आपली,
वेलिंग्टन-टॉन्टन परिसरातली मराठी मंडळी