पुस्तिका भटारखान्यात वाचता यावी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या मुलीला शेंगदाण्याची आणि तिळाची ॲलर्जी आहे. आमच्या पालकगटाने उपाहारगृहांसाठी काढलेली माहितीपुस्तिका सध्या नव्याने लिहिणं चालू आहे, म्हणून हे पत्र.

जुन्या पुस्तिकेत ॲलर्जी का होते, ते सविस्तर आहे. वेटरला काय सांगायचं, ते मात्र एकोणिसाव्या पानावर. त्यातलंच वाक्य मी एकदा वापरलं : "शेंगदाणे चालत नाहीत." तरी वरून दाणे पेरलेली ताटली आली. वेटरने ती लगबगीने उचलली आणि दोन मिनिटांत परत आणली. दाणे वेचलेले, पण कडेला एक लालसर साल चिकटलेली. मला ती दिसेपर्यंत मुलीने घास घेतला होता. ओठ सुजले, आवाज घोगरा झाला. मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि रुग्णालय गाठलं. त्या मुलाला मी दोष देत नाही. 'चालत नाहीत' म्हणजे 'आवडत नाहीत' असं त्याला वाटलं. चूक आमच्या वाक्याची होती.

म्हणून नव्या पुस्तिकेत सुरुवातीलाच भिंतीवर लावता येईल असं एक पान हवं. दाणे वेचून भागत नाही, पदार्थ नव्यानेच करावा लागतो. तळल्या-भाजल्याने शेंगदाण्यातलं ॲलर्जीकारक प्रथिन नाहीसं होत नाही. तेच तेल, तोच झारा वापरला की ते दुसऱ्या पदार्थात जातं. हातावरून ते सॅनिटायझरने निघत नाही, साबण-पाणीच लागतं. आणि घसा आवळू लागला, श्वास अडू लागला तर आधी ॲड्रेनलिन. माणसाला आडवं ठेवायचं, धाप लागली असेल तर बसू द्यायचं, पण चालवत न्यायचं नाही. ॲलर्जीची नेहमीची गोळी देऊन वाट बघत बसणं जिवावर बेतू शकतं.

यादीही जुनी आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा नववा प्रमुख ॲलर्जीकारक घटक धरला जातो, युरोपीय महासंघाच्या यादीत तर १४ घटक आहेत. आमच्या पुस्तिकेत अजून आठच. तीळ त्यात नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नवा मसुदा आतापर्यंत फक्त पालकांनी वाचला आहे. ज्यांच्या हातात झारा असतो, त्यांच्यापैकी एकानेही नाही. आचारी, वेटर आणि मालकांनी तो वाचावा आणि गर्दीच्या वेळी यातलं काय जमणार नाही, ते आम्हाला स्पष्ट सांगावं, अशी आपल्या दैनिकामार्फत कळकळीची विनंती.

आपली,
एक आई