पीआरची रांग आणि परवान्याची रांग

इंदिरानगर, नाशिक
11 जानेवारी 2026

प्रिय मेधा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ‘डॉक्टरला कोणत्या देशाचा पीआर लवकर मिळतो?’ हा तुझा प्रश्न वाचून मला आपल्या होस्टेलच्या खोलीची आठवण झाली. तिथेही तू असाच एका ओळीचा प्रश्न टाकून झोपी जायचीस आणि उत्तर शोधत रात्रभर मी जागायची. या वेळी आधी प्रश्नच थोडा दुरुस्त करून घेते. परदेशात पीआरची, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवानगीची, रांग वेगळी असते आणि डॉक्टरकीच्या परवान्याची वेगळी. कोणत्या देशात कोणती रांग आधी लावावी लागते आणि एकीतला नंबर दुसरीत कितपत उपयोगी पडतो, हे पाहिल्याशिवाय ‘लवकर’ या शब्दाला काही अर्थ राहत नाही.

कॅनडाचेच बघ. तिथे रेसिडेन्सीच्या, म्हणजे रुग्णालयातल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या, जागेसाठी अर्ज करायला सर्वसाधारणपणे पीआर किंवा नागरिकत्व आधी हातात असावे लागते. त्यामुळे एक्स्प्रेस एन्ट्री या गुणांवर चालणाऱ्या सरकारी योजनेत वय, शिक्षण आणि इंग्रजीच्या गुणांवर पीआर मिळवून माणूस कुटुंबासह उतरतो आणि मग त्याला कळते की खरी रांग आता कुठे सुरू झाली आहे. एमसीसीक्यूई ही डॉक्टरांची पात्रता परीक्षा आणि त्यानंतरची क्लिनिकल, म्हणजे रुग्ण तपासून दाखवण्याची, परीक्षा उत्तीर्ण होऊनही जागा न मिळाल्याने दुसरीच कामे करणारे डॉक्टर तिथे आहेत. अनुभवी डॉक्टरांसाठी काही प्रांतांत प्रॅक्टिस रेडी असेसमेंट आहे, म्हणजे काही आठवडे देखरेखीखाली काम करून दाखवायचे आणि मग त्या प्रांताने नेमून दिलेल्या ठिकाणी सेवा द्यायची. गेल्या डिसेंबरमध्ये सरकारने डॉक्टरांसाठी एक्स्प्रेस एन्ट्रीत स्वतंत्र गट जाहीर केला, पण त्यासाठी कॅनडातच किमान वर्षभर काम केलेले असावे लागते. तुझे वय चौतीस आहे आणि तिथे तिशीपासून दर वाढदिवसाला गुण कमी होतात, हेही ध्यानात ठेव.

ब्रिटनमध्ये क्रम उलटा आहे आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. आधी परदेशी डॉक्टरांसाठीच्या प्लॅबच्या दोन परीक्षा, मग जीएमसी या तिथल्या वैद्यकीय परिषदेची नोंदणी, मग नोकरी, नोकरीमुळे व्हिसा आणि पाच वर्षे सलग राहिल्यावर कायम वास्तव्य, ज्याला सगळे आयएलआर म्हणतात. हे ऐकायला सरळ वाटते, पण त्यातल्या ‘सलग’ या शब्दाने माझा घात केला. ओवीच्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी, म्हणजे इथेच, आले. बाळंतपणाच्या रजेमुळे नोकरीच्या स्पॉन्सरशिपला धोका नव्हता, त्यामुळे मी निर्धास्त होते. प्रसूतीच्या अकरा आठवडे आधी आले आणि ओवी चार महिन्यांची झाल्यावर परत गेले. एकूण 196 दिवस. वर्षाला 180 दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहायचे नाही, हे मला ठाऊक होते. परंतु अर्जाच्या तारखेपासून मागे एकेक वर्ष मोजत जायचे, असे एका वरिष्ठांनी सांगितले होते आणि त्या हिशेबाने माझे दिवस एका वर्षात 112 व दुसऱ्यात 84 असे सुखरूप विभागले जात होते. वरिष्ठांचा व्हिसा जुना होता, त्यांच्यासाठी ते बरोबरच होते. 11 जानेवारी 2018 पासून मिळालेल्या व्हिशांना मात्र कोणतेही सलग बारा महिने धरतात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पासपोर्ट उघडून मुंबई विमानतळाचे शिक्के मी तीनदा मोजले, दर वेळी सोळा दिवस जास्तच भरले. जवळच्या माणसाच्या जिवावर बेतलेल्या आजारासारख्या कारणांना सूट आहे. सुखरूप झालेल्या बाळंतपणाला ती कशी लागणार? घड्याळ पुन्हा शून्यावर गेले आणि वर्षभराने आम्ही नाशिक गाठले. (आज बरोबर त्या नियमाची तारीख आहे, हे वर तारीख घालताना लक्षात आले.)

आता तिथले वारेही बदलते आहे. मे 2025 च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठी पाचाऐवजी दहा वर्षांचा प्रस्ताव आला. नोव्हेंबरमध्ये सरकारने सरकारी आरोग्यसेवेतल्या डॉक्टरांसाठी पाचच वर्षे ठेवण्याचे सांगितले. त्याहून मोठी अडचण पुढच्या प्रशिक्षणाच्या जागांची आहे, कारण तिथल्याच पदवीधरांना प्राधान्य द्यायचे धोरण ठरले आहे. तू बालरोगतज्ज्ञ असल्याने एमआरसीपीसीएच ही तिथली बालरोगाची पदव्युत्तर परीक्षा पूर्ण केलीस तर प्लॅब द्यावी लागणार नाही, एवढी जमेची बाजू आहे.

अमेरिकेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण तुझी एमडी तिथे धरली जाणार नाही आणि रेसिडेन्सी पहिल्यापासून करावी लागेल. जे-1 या प्रशिक्षणासाठीच्या तात्पुरत्या व्हिशावर केलीस तर दोन वर्षे भारतात परतण्याची अट लागते. ती माफ व्हावी म्हणून कॉनराड योजनेत दर राज्याला वर्षाला 30 जागा असतात आणि डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करावे लागते. एवढे करूनही ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांना बारा-पंधरा वर्षे सहज लागतात. तोवर तुझा अथर्व एकवीस वर्षांचा होऊन आईच्या अर्जातून बाहेर पडायचा.

माझे मत ऑस्ट्रेलियाच्या बाजूने आहे. तिथे एएमसी या वैद्यकीय परिषदेची लेखी परीक्षा, मग क्लिनिकल, मग देखरेखीखालची नोकरी. तज्ज्ञ म्हणून थेट अर्जही करता येतो, त्याची छाननी तिथले फिजिशियन्सचे कॉलेज करते. नोकरीच्या व्हिशावर दोन वर्षे काम केले की रुग्णालयाच्या शिफारशीने 186 क्रमांकाचा, म्हणजे कायमचा, व्हिसा मागता येतो. मात्र वय पंचेचाळीसच्या आत हवे. यातली मेख सांगते. परदेशात शिकलेल्या डॉक्टरला दहा वर्षे टंचाईच्या भागातच मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याचा नंबर मिळतो आणि पीआर किंवा नागरिकत्व मिळाले म्हणून ते बंधन सुटत नाही. सरकारी रुग्णालयातल्या पगारी नोकरीला त्याची तशी आडकाठी नाही, खासगी प्रॅक्टिसला आहे. सिडनीत दवाखाना थाटायला निघालेल्याला हे जाचते. तू तर सहा वर्षे कळवणला काढली आहेस, सुरगाण्याहून जीपमधून आलेली कुपोषित बाळे रात्री दोनला पाहिली आहेस. लहान गावात राहण्याचे तुला भय नाही.

एक काम मात्र आजच सुरू कर. तुझ्या पदवीवर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी आहे, पासपोर्टवर नवऱ्याचे नाव आहे. जीएमसी असो वा एएमसी, पदवीची पडताळणी थेट विद्यापीठाकडून होते आणि तिथे ही दोन माणसे एकच आहेत हे कागदाने दाखवावे लागते. विवाहनोंदणीचा दाखला आणि नावाचे प्रतिज्ञापत्र करून घे. आपले आरोग्य विद्यापीठ इथे म्हसरूळलाच असल्याने ट्रान्सक्रिप्टची चौकशी मी करीन. गुरुवारी मला दिंडोरी रोडला जायचेच आहे, तोवर पदवी, गुणपत्रके आणि पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाच्या प्रती पाठव.

अथर्वला गोड पापा, भाऊजींना नमस्कार.

तुझी,
वैशाली