सायकलवाल्या काकांना

काका,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले तर तुम्ही ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसाल, म्हणून लिहितेय.

नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि इकडं सेलूत आमच्या लेकीनं पट मांडला. व्हिडिओ बघून चाली तोंडपाठ. पहिल्याच स्पर्धेत इटालियन ओपनिंग, म्हणजे डावाची एक ठरलेली सुरुवात, आली. पांढऱ्यानं चौथ्या चालीला घोडा जी-५ या घरावर आणला, हिनं प्यादं डी-५ ला पुढं केलं, ते प्यादं त्यानं मारलं, हिनं घोड्यानं परत मारलं. लगेच त्याचा घोडा एफ-७ वर येऊन पडला आणि हिचा राजा भर चौकात. (याला फ्राइड लिव्हर म्हणतात, तळलेली कलेजी. आमच्या माळकरी सासूबाईंनी कानावर हात ठेवले.) १८ चालींत खेळ खलास. परतताना रेल्वेत पोरगी एक शब्द बोलली नाही.

पंक्चर काढायला आलो तेव्हा तुम्हीच म्हणालात, "कुठं हरलीस, मांड बरं." तुमच्या पटावर एक काळा घोडा हरवलेला, त्याच्या जागी सायकलचा नट. तुम्ही तो नट उचलून काठाला, ए-५ वर ठेवलात.

"काठावरचा घोडा वाईट असतो ना?"

"असतो. पण उंटाला हुसकायलाय, जाऊ दे की."

पुढं महिनाभर तुम्ही तिला पाठ करायला एकही चाल दिली नाही. "त्याला काय पाहिजे?" एवढंच विचारायचात. पैशांचं काढलं तर म्हणे, हवेचे द्या.

नांदेडला तिसऱ्या फेरीत तोच घोडा जी-५ वर. पालकांना आत सोडत नाहीत, मी जिन्यात बसलेली. गाडीत चालींचा कागद बघितला. पाचवी चाल, घोडा ए-५. उंटाचा शह, हिनं सी-६ घातलं, मारामारी होऊन उंट ई-२ ला माघारी. मग एच-६ करून घोडा पिटाळला, ई-४ करून पुन्हा हुसकला. एक प्यादं कमी, पण पळापळ सगळी त्याची.

"आई, तिथं सगळे घोडे खरे होते, पण मला नटच दिसायलता."

डाव बरोबरीत सुटला. शेवटी हत्तीच्या खेळात कुठंतरी जिंकायची चाल होती म्हणे, ती मला काही कळली नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की कागद घेऊन येतेय, तेवढं बघा.

तिची आई