ई-पुस्तक विकत की भाड्याने?

गिरगावातल्या आमच्या चाळीत आईच्या कपाटातली पुस्तके तीन मजले फिरून यायची. परत आलेल्या पानांवर कुणाच्या हळदीचे बोट असे, मध्येच खूण म्हणून बेस्टचे तिकीट राहिलेले असे. मी मात्र पैसे मोजून घेतलेले मराठी ई-पुस्तक सख्ख्या बहिणीला वाचायला देऊ शकत नाही. गेल्या वर्षी तर एका कंपनीने ॲपच बंद केले आणि माझी अकरा पुस्तके एका रात्रीत गेली. मुक्त बाजाराला माझा विरोध नाही, लेखकाला मोबदला मिळालाच पाहिजे. पण विकलेल्या वस्तूवर दुकानदाराचाच ताबा राहणार असेल, तर बटणावर ‘विकत घ्या’ऐवजी ‘भाड्याने घ्या’ असे स्वच्छ लिहावे.

कायदा आपल्याकडे तसा उदार आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचे लेखन सर्वांसाठी खुले होते. २०१२च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयांना आपल्याकडच्या छापील पुस्तकाची डिजिटल प्रत जतनासाठी ठेवण्याची मुभाही दिली. तरी मुंबईच्या दमट हवेत जुन्या पुस्तकांची पाने हात लावताच तुटताना पाहतो, तेव्हा जीव तुटतो. राज्य सरकारने ग्रंथालयांच्या अनुदानात स्कॅनिंगसाठी वेगळी तरतूद करावी आणि कॉपीराइटची मुदत संपलेली पुस्तके मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात कुणालाही उतरवून घेता येतील अशी ठेवावीत. पावसाळ्याआधी सुरुवात झाली तर बरे.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई