व्हिडिओ चालू, विद्यार्थी बंद

महोदय,

ऑनलाइन अभ्यासक्रमात विद्यार्थी टिकत नाहीत, याचं खापर नेहमी त्यांच्या आळसावर फोडलं जातं. दोष बहुधा आखणीत असतो. वर्गातलं तासाभराचं व्याख्यान जसंच्या तसं रेकॉर्ड करून चढवलं, की शेवटापर्यंत ऐकणारे मोजकेच उरतात. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या २०१४ मधील अभ्यासात, व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघण्याचा मध्यक वेळ ६ मिनिटांपुढे गेला नव्हता.

म्हणून एका व्हिडिओत एकच मुद्दा घ्यावा आणि तो संपताच प्रश्न विचारावा. ‘समजलं का?’ हा प्रश्न नव्हे. त्याला सगळे ‘हो’च म्हणतात. सोडवलेल्या उदाहरणात एक पायरी मुद्दाम चुकीची ठेवून ती शोधायला लावावी. चुकीच्या प्रत्येक पर्यायावर ‘कंस सोडवताना उणे चिन्ह राहिलं’ असा नेमका शेरा हवा. नुसत्या लाल फुलीतून कुणी काय शिकणार?

थेट तासात प्रश्न टाकून दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देणं, ही शिक्षकांची जुनी खोड. टाइप करायला वेळ लागतो! सर्वांनी चॅटमध्ये उत्तर लिहून थांबावं आणि ४०-४५ सेकंदांनी इशारा मिळताच एकदम पाठवावं. म्हणजे पुढच्या चौघांचं बघून बाकीचे उतरवत नाहीत. कॅमेऱ्याची सक्ती मात्र नको. चेहरा दिसतो, लक्ष दिसत नाही.

पहिल्या आठवड्यात एकही काम न पाठवणाऱ्याला त्याच आठवड्यात, नावानिशी निरोप जावा. महिनाभराने पाठवलेली सामायिक ईमेल तो उघडतही नाही.

– एक ऑनलाइन प्रशिक्षक