मनूस, कार्डाच्या बिलाबद्दल

सदाशिव पेठ, पुणे
मंगळवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझ्याकडे टेबलावर ते क्रेडिट कार्डाचं बिल दिसलं आणि मी वाचलं. न विचारता वाचलं हे चुकलंच, आणि निखिलसमोर बोलले हे त्याहून चुकलं. फोनवर पुन्हा शब्दाला शब्द लागेल, म्हणून लिहून मेतकुटाच्या बरणीबरोबर पिशवीत ठेवतेय. बिलाबद्दल एकदाच लिहिते, मग तो विषय बंद.

बिल 62,000 चं. तू 3,100 भरलेस, कारण ‘किमान देय रक्कम’ म्हणून तेवढेच छापले होते. तेवढे भरले की उशिराचा दंड लागत नाही, बाकी त्या आकड्याला काही अर्थ नाही. उरले 58,900. तुझ्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के आहे, बिलाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात दिलाय. म्हणजे 2,061 रुपये व्याज आणि व्याजावर 18 टक्के जीएसटी, 371. मिळून 2,430 च्या पुढे. पुढच्या महिन्यात पुन्हा 3,100 भरशील तेव्हा मुद्दलातून जेमतेम 670 फिटतील. हाही हिशोब मी हात राखून केलाय, कारण व्याज खरेदीच्या दिवसापासून मोजतात.

आणि बाकी उरली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. आज कार्डावर घेतलेल्या कोथिंबिरीच्या जुडीलासुद्धा आजपासून व्याज. म्हणून बाकी शून्य होईपर्यंत कार्ड कपाटात ठेव, आणि भाजी-किराण्याच्या ॲपमध्ये त्याचा नंबर साठवला असेल तर तोही काढ. ऑटो-डेबिट लावलं असशील तर त्यात ‘संपूर्ण रक्कम’ निवडलीय की ‘किमान’, ते आजच बघ. पुष्कळांचं तिथेच चुकतं. खात्यातून पैसे जाताना दिसतात, आणि बिल भरलं असं वाटत राहतं.

झालं. आता दुसरं.

तुमचा महिन्याचा खर्च मला जास्त वाटत नाही, खरंच. भाडं, सोसायटीचा मेंटेनन्स, किराणा, दूध, सगळं पगारात बसतंय. फसवतात ते वर्षातून एकदा येणारे खर्च. गाडीचा विमा, मेडिक्लेमचा हप्ता, दिवाळी, गावाकडची लग्नं, आणि अकरा महिन्यांनी भाडेकरार संपला की वाढीव भाडं, नोंदणीचा खर्च, घर बदललंच तर एजंटची दलाली आणि टेम्पो. त्यांची तारीख आधीपासून ठाऊक असते, तरी ते अचानक आल्यासारखे येतात आणि कार्डावर जाऊन बसतात. एका कागदावर बारा महिने मांड, कुठल्या महिन्यात काय येणार ते लिही, बेरीज कर, बाराने भाग. 48,000 आले तर महिना 4,000. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ते वेगळ्या खात्यात किंवा आरडीत गेले पाहिजेत. महिनाअखेर उरेल ते टाकू म्हटलं तर काही उरत नाही.

विजेचं सांगते. महावितरणचे टप्पे 100 आणि 300 युनिटला बदलतात आणि 300 च्या वरचं प्रत्येक युनिट बरंच महाग पडतं. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर आठ-दहा युनिट जातात, म्हणजे महिन्याला एकटा अडीचशे-तीनशेला पोचतो. 26 वर ठेवून सोबत पंखा लावा, आणि जाळी दर पंधरा दिवसांनी धू. वाकडच्या रस्त्यांची धूळ मी पाहिलीय.

गहू वर्षाचा भरू नकोस. आजी म्हणेल, ऐकू नको. दोघांच्या दिवसाला दहा पोळ्या धरल्या तर महिन्याला दहा किलो पीठ लागतं. तुला गच्ची नाही, आणि कडक ऊन न खाल्लेला गहू पावसाळ्यात सोंड्यांनी भरतो. मार्केट यार्डातून तीस किलो आण, तीन महिने पुरेल. एरंडेल चोळायचं तर हाताला नुसतं लागेल इतकंच, जास्त झालं तर दळताना पीठ चिकटतं. डब्यात कडुलिंबाचा पाला घालशील तो पूर्ण वाळलेला घाल, ओलसर राहिला तर बुरशी येते.

हे सगळं लिहीत असताना डोळ्यांपुढे चौथीतली तू येतेस. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे तू मांडायचीस, लाल पेन्सिलीने फुली. एका महिन्यात दूधवाल्याने दोन खाडे धरले नव्हते, तर कॅलेंडर भिंतीवरून काढून त्याच्यासमोर धरलंस. बाबांनी ते पान जपून ठेवलं होतं, तुला ठाऊक आहे. त्या मुलीला महिन्याला 2,430 जाताना दिसू नयेत, हे मला समजत नाही.

पुन्हा तिथेच आले. रागावू नकोस. भाऊकाकांचंही किमान रकमेपासूनच सुरू झालं होतं, पुढचं तू पाहिलंयस. तुम्ही दोघं कमावता, तुमचं तसं होणार नाही, हे मलाही कळतं. तरी रात्री डोळा लागत नाही.

कार्डाची बाकी एकदम फेडायला माझी बँकेतली ठेव मोडायची नाही, तिच्यावर कर्ज काढायचं. ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त लागतात. साडेआठ टक्के धरले तर 60,000 ला महिना 5,230 भरून वर्षात फिटतं आणि वर्षाचं सगळं व्याज 2,800 च्या आत राहतं. कार्डाचं एका महिन्याचं किती होतं ते वर लिहिलंच आहे. हप्ता तुम्हीच भरायचा, पाच तारखेला, माझ्या खात्यात नाही, थेट कर्जखात्यात. निखिलला हे पत्र दाखव, त्याच्यापासून लपवून काही करायचं नाही.

शनिवारी बँक चालू आहे, दुसरा-चौथा शनिवार नाही. दहाला ये. पॅन कार्ड माझंच लागेल. तू फक्त कार्डाचं शेवटचं बिल आण, सगळी पानं, मागचं पानसुद्धा. आज भरायची नेमकी बाकी बिलात नसते, ती कस्टमर केअरला फोन करून विचारून ये. नाहीतर बिलानंतरचं व्याज राहून जाईल आणि पुढच्या महिन्यात दोन-तीनशेची बाकी पुन्हा उभी राहील.

मेतकुटात डाळी जरा जास्त भाजल्या गेल्यात. मऊ भातावर तूप थोडं जास्त घे.

तुझी,
आई